कोणी चूक दाखवली की आधी काय करायचं

चर्चमधली उपासना संपली होती, त्यात मी संदेश म्हणजे प्रवचन दिलं होतं, आणि लोक बाहेर पडत होते. मंडळीतल्या एक ज्येष्ठ बाई माझ्याजवळ आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "एक सांगू का? राग नाही ना येणार?"

"छे, सांगा ना."

"चांगला दिलास संदेश. पण आज मला येशूपेक्षा तूच जास्त ऐकू आलीस."

मी हसले आणि लगेच समजावायला लागले. अनुभव सांगितला की वचन लोकांच्या लक्षात राहतं. साक्ष देणं, म्हणजे आपला अनुभव सांगणं, हेसुद्धा शास्त्राला धरूनच आहे. शिवाय तयारीला या वेळी दोनच दिवस मिळाले होते. त्या शांतपणे ऐकत राहिल्या, मान हलवली आणि माझा हात सोडला. तो हात सुटला ती घडी मला अजून आठवते. मी ऐकत नाहीये हे त्यांना कळलं होतं, आणि पुढे काही बोलण्यात अर्थ नाही हेही.

मंडळीत मी अधूनमधून संदेश देते, शब्बाथशाळेत, म्हणजे मंडळीच्या बायबल वर्गात, मुलांना शिकवते, आणि घरी मुलांची आई आहे. तिन्ही ठिकाणी चुका दाखवणारे भेटतात. "नम्र व्हा" हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण कोणी तोंडावर चूक दाखवली की नम्र माणूस नेमकं करतो काय, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. त्या रविवारनंतर हळूहळू जे शिकले ते इथे लिहिते आहे.

उत्तर द्यायची घाई

चूक दाखवली गेली की आधी शरीराला कळतं. कान तापतात, घसा कोरडा पडतो, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं उत्तर तयार असतं. नीतिसूत्रे १८:१३ मध्ये ऐकून घेण्याआधी उत्तर देणं याला मूर्खपणा म्हटलं आहे, आणि याकोब आपल्या पत्रात (१:१९) ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश असावं असं सांगतो. मला हे वचन तोंडपाठ होतं. तरी त्या दिवशी ते कामी आलं नाही, कारण त्या क्षणी माणूस विचार करून बोलत नाही, सवयीने बोलतो. म्हणून सवयच बदलावी लागते, आणि ती आधीपासून तयारीत ठेवावी लागते.

मी एक वाक्य पाठ केलं आहे: "सांगितलंत ते बरं केलंत, मला यावर विचार करू द्या." बस, इतकंच. त्याला "पण" जोडायचा नाही. "पण" आला की त्याच्या आधीचं सगळं पुसलं जातं. वाक्य बोलून झालं की एक श्वास घ्यायचा आणि समोरच्याला आणखी काही सांगायचं आहे का, हे बघत थांबायचं. बहुतेक वेळा खरी गोष्ट तेव्हाच बाहेर येते. पहिलं वाक्य माणूस भीत भीत बोलतो, चाचपून बघतो; तुम्ही चिडला नाहीत असं दिसलं की मग दुसरं बोलतो.

इथे एक फसवी वाट आहे, आणि मी तिच्यावरून बरीच वर्षं चालले. कोणी काही बोललं की मी म्हणायची, "हो हो, मी आहेच तशी, मला काहीच धड जमत नाही." ऐकणाऱ्याला वाटावं, केवढी नम्र आहे! प्रत्यक्षात काय व्हायचं? समोरचा माणूस घाबरून माझी समजूत घालायला लागायचा. "अहो, तसं नाही, तुम्ही खूप करता मंडळीसाठी." म्हणजे तो आला होता माझी एक चूक सांगायला, आणि गेला माझं कौतुक करून. चूक तिथेच राहिली. स्वतःला सरसकट वाईट म्हणून घेतलं की त्या एका नेमक्या चुकीकडे बघावं लागत नाही. ही नम्रता नव्हे, हा पळ काढण्याचाच एक प्रकार आहे, आणि तो धार्मिक शब्दांत असल्यामुळे ओळखू येत नाही.

शौल आणि दावीद

बायबलमध्ये इस्राएलच्या दोन राजांना दोन संदेष्ट्यांनी चूक दाखवली. हे दोन अध्याय एका बैठकीत लागोपाठ वाचा: १ शमुवेल १५ आणि २ शमुवेल १२.

शौलाने अमालेकी या शत्रूंवर स्वारी केली आणि सगळं नष्ट करण्याची देवाची आज्ञा मोडून चांगली चांगली मेंढरं व गुरं राखून ठेवली. संदेष्टा शमुवेल आला तेव्हा शौल आपणहूनच म्हणाला की मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे. शमुवेलाने विचारलं, मग हे मेंढरांचं ओरडणं माझ्या कानी येतंय ते कसलं? तेव्हा शौल म्हणाला की लोकांनी ती राखली, आणि राखली तीही परमेश्वराला यज्ञ करण्यासाठी. पुन्हा तेच बोलला. शेवटी "मी पाप केले आहे" म्हणाला खरा, पण त्यालाही लोकांच्या भीतीचं कारण जोडलं, आणि पुढे विनंती केली काय, तर माझ्या लोकांच्या वडील जनांसमोर माझा मान राख.

दावीदाचा अपराध माणसाच्या नजरेतून पाहिला तर कितीतरी भयंकर होता. दुसऱ्याची बायको, बथशेबा, घेतली आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मरायला धाडलं. संदेष्टा नाथानाने त्याला गरीब माणसाच्या एकुलत्या एक कोकरीची गोष्ट सांगितली, दावीद संतापला, आणि नाथान म्हणाला, "तो मनुष्य तूच आहेस." त्यावर दावीदाचं उत्तर एकच वाक्य आहे: मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. मूळ हिब्रूत ते दोनच शब्द आहेत. त्यात बथशेबेचं नाव नाही, युद्धाच्या धामधुमीचं कारण नाही, मान राखण्याची विनंती नाही.

त्या रात्री मी माझं उत्तर कागदावर लिहून काढलं. एक साधं वाक्य ऐकून मी तीन कारणं दिली होती, आणि त्यातलं एक शास्त्राचं होतं. शौलानेही यज्ञाचंच कारण दिलं होतं. हे लिहिताना हात थांबला होता.

हे जमतं कशाच्या बळावर

नुसत्या संयमाने हे जमत नाही, निदान मला जमलं नाही. दात-ओठ खाऊन गप्प बसलेला माणूस आतून भांडतच असतो. चूक दाखवली गेली की एवढं का लागतं, हे मी स्वतःला विचारलं तेव्हा दिसलं की मी प्रत्येक टीकेला निकाल समजते. आज संदेश नीट झाला नाही, याचा अर्थ मी निकामी आहे, देवाच्याही कामाची नाही, असा.

मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात येशूचा बाप्तिस्मा होतो आणि आकाशातून वाणी होते: तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. मार्कने तोवर येशूचा एकही चमत्कार सांगितलेला नाही, एकही दाखला नाही. पित्याचा संतोष कामाच्या आधी आला. आणि प्रेषित पौल रोमकरांस पत्रात (८:१) म्हणतो की जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना आता दंडाज्ञा, म्हणजे शिक्षेचा निकाल, नाही. माझा निकाल लागून गेलेला आहे, आणि तो माझ्या संदेशावर लागलेला नाही. हे मनात पक्कं बसलेलं असलं की समोरच्या बाईंचं वाक्य तेवढंच उरतं जेवढं ते आहे: आज तू स्वतःबद्दल फार बोललीस. याचं काहीतरी करता येतं. निकालाचं काहीच करता येत नाही.

म्हणून मी आता सकाळच्या प्रार्थनेत हे वचन मोठ्याने म्हणते, कोणी टीका करायच्या आधी. टीका झाल्यावर ते शोधायला गेलं तर हाताला लागत नाही.

उदाहरण मागा

"तुझं बोलणं कठोर असतं," "तू ऐकून घेत नाहीस," अशी टीका धुक्यासारखी असते. तिच्याशी भांडताही येत नाही आणि तिच्यावरून सुधारताही येत नाही. अशा वेळी शांतपणे विचारायचं: "नेमकं कधी तसं वाटलं? एखादा प्रसंग सांगाल?" आवाज महत्त्वाचा आहे. उलटतपासणीच्या सुरात विचारलं तर माणूस "जाऊ दे" म्हणून निघून जाईल. मी वही काढते. लिहून घेताना बघितलं की समोरच्याला कळतं, आपलं म्हणणं वाया जाणार नाही, आणि मलाही उत्तर सुचायला वेळ राहत नाही.

या बाबतीत मला अपुल्लोस फार आवडतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या १८ व्या अध्यायात हा उपदेशक इफिस शहरात येतो. वक्तृत्व उत्तम, शास्त्रात निष्णात, आत्म्याने उत्साही. एकच उणीव होती, त्याला फक्त येशूच्या आधी आलेल्या योहानाचा, पश्चात्तापाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. त्याला आपल्या जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक अचूक समजावला तो प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने, आणि ती दोघं व्यवसायाने तंबू बनवणारी. सभास्थानात निर्भीडपणे बोलणारा विद्वान तंबू शिवणाऱ्या नवरा-बायकोपुढे विद्यार्थी होऊन बसला. तो त्यांना काय म्हणाला हे लिहिलेलं नाही. लिहिलंय ते एवढंच, की पुढे अखयात गेल्यावर त्याची विश्वासणाऱ्यांना फार मदत झाली.

मी त्या बाईंना उदाहरण विचारलं नव्हतं, तेव्हा मला ते स्वतः शोधावं लागलं. संदेशाचं रेकॉर्डिंग होतं. दोन दिवसांनी रात्री ते लावलं आणि कागदावर मध्ये एक रेघ मारली. डावीकडे "मी, माझं, मला" आलं की एक खूण, उजवीकडे "येशू, ख्रिस्त, प्रभू" आलं की एक खूण. अर्ध्या वाटेवर डावी बाजू भरली आणि कागद उलटावा लागला. उजवीकडे अकरा खुणा होत्या, त्यातल्या चार शेवटच्या प्रार्थनेतल्या.

मधली रात्र

चूक ऐकली आणि तिच्यावर काही करायचं, यांच्यामध्ये निदान एक रात्र जाऊ द्या. त्या रात्री दोन गोष्टी टाळा. पहिली, मेसेज लिहू नका. मी लिहिला होता, लांबलचक, वचनांसकट, आणि सुदैवाने पाठवला नाही. दुसरी, अशा माणसाकडे जाऊ नका जो तुमचीच बाजू घेणार हे तुम्हाला आधीच माहीत आहे. मी नवऱ्याला सांगितलं, तो प्रेमाने म्हणाला, "अगं, एवढं चांगलं बोललीस, मनाला लावून घेऊ नकोस." संध्याकाळ बरी गेली. पण मला तेव्हा फुंकर हवी होती म्हणून मी त्याच्याकडे गेले, खरं शोधायला गेले नाही. मत्तय १८:१५ मध्ये येशू सांगतो, भावाने अपराध केला तर तो त्याला एकांती गाठून सांगावा. त्या बाईंनी तंतोतंत तेच केलं होतं, आणि मी ती गोष्ट घरात आणली.

प्रार्थनेत मी स्तोत्र १३९ च्या शेवटच्या दोन ओळी घेते, देवाने माझं हृदय पारखावं ही विनंती. टीका करणाऱ्यासाठी प्रार्थना नंतर करते. आधी त्या व्यक्तीसाठी करायला बसले की "प्रभू, त्यांना समज दे" असं कधी सुरू होतं ते कळतच नाही.

चाळून बघा

सगळी टीका खरी नसते. सगळं मुकाट्याने मान्य करणं ही नम्रता नाही; ते खोटं बोलणं आहे, फक्त स्वतःच्या विरुद्ध. पौलाने करिंथकरांना (१ करिंथ ४:३-४) स्पष्ट लिहिलं की तुमच्याकडून माझा न्याय व्हावा याचं मला फारसं काही वाटत नाही. आणि लगेच पुढे हेही, की माझं मन मला दोष देत नाही म्हणून मी निर्दोष ठरत नाही. ही दोन्ही वाक्यं एकत्र धरायला हवीत.

मला एकदा एका गृहस्थांनी सर्वांदेखत सुनावलं की मी शब्बाथशाळा मिरवण्यासाठी घेते. सूर वाईट होता, वेळ वाईट होती. मी प्रसंग विचारला, त्यांना सांगता आला नाही. मला चांगलं ओळखणाऱ्या, पण माझी भीड न बाळगणाऱ्या दोघींना विचारलं. त्या म्हणाल्या, मिरवण्याचं आम्हाला दिसत नाही. मग एक थोडं थांबून म्हणाली, "पण इतक्या वर्षांत तू दुसऱ्या कोणाला तो वर्ग घेऊ दिला नाहीस." आरोप खोटा होता आणि त्याच्या आत एक खरा दाणा होता. आता महिन्यातून दोनदा एक तरुण मुलगी वर्ग घेते आणि मी मागच्या बाकावर बसते. आरोपाचं उत्तर मी त्या गृहस्थांना दिलं नाही, गरज वाटली नाही.

कडवट तोंडातूनही कामाचं बोलणं येऊ शकतं. शौलाच्या घराण्यातला शिमी दावीदाला शिव्याशाप देत, दगड मारत चालला होता, आणि दावीदाचा सरदार अबीशय त्याचं डोकं उडवायला निघाला, तेव्हा दावीद म्हणाला, करू दे त्याला, कदाचित परमेश्वरानेच त्याला सांगितलं असेल. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी जे नियम लिहिले, त्यातल्या ६१ व्या अध्यायात बाहेरून आलेल्या पाहुण्या संन्याशाबद्दल सांगितलं आहे: त्याने नम्रतेने आणि प्रेमाने काही उणीव दाखवली तर मठाधिपतीने शहाणपणाने विचार करावा, कदाचित प्रभूने त्याला त्याचसाठी पाठवलं असेल. त्याच नियमांच्या तिसऱ्या अध्यायात महत्त्वाच्या प्रश्नावर सगळ्यांना बोलवायला सांगितलं आहे, कारण जे अधिक चांगलं ते प्रभू पुष्कळदा धाकट्याला दाखवतो.

धाकट्याचं ऐकणं सगळ्यात जड जातं. आमच्या घरी रात्री कुटुंबप्रार्थना होते. एके दिवशी "आमेन" झाल्यावर माझी मुलगी, तेव्हा चौदा वर्षांची, डोळे खाली ठेवून म्हणाली, "आई, तू देवाशी नाही बोलत. तू मला ओरडतेस, डोळे मिटून." मी आदल्या मिनिटाला प्रार्थना केली होती की प्रभू, माझ्या लेकरांना आळस सोडायला शिकव, मोबाइल बाजूला ठेवायची बुद्धी दे. मला पहिल्यांदा तिचा राग आला. मग पाठ केलेलं वाक्य आठवलं. "सांगितलंस ते बरं केलंस," एवढंच म्हणाले आणि भांडी आवरायला उठले, कारण तिथे थांबले असते तर "पण" आला असता. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, तुझ्यासाठी मी काय मागू? तिने सांगितलं, तेच मागितलं. आजही मी तिला विचारूनच तिच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करते. बाकीचं देवाला एकटीने सांगते.

जिथे ऐकत राहायचं नाही

हे न लिहिता पुढे गेले तर मी कोणाचं तरी नुकसान करीन. "नम्र हो, सहन कर" हे शब्द लोकांना गप्प करायलाही वापरले जातात. बोध करणारा माणूस एक गोष्ट दाखवतो आणि तिच्यातून बाहेर यायची वाट मोकळी ठेवतो. जो तुम्हाला लोकांसमोर पुन्हा पुन्हा खाली पाडतो, धमकावतो, हात उगारतो, आणि स्वतःला मात्र कोणी एक शब्द विचारलेला चालत नाही, तो बोध करत नाही. २ करिंथ ७:१० मध्ये पौल दोन दुःखांतला फरक सांगतो: देवाच्या इच्छेप्रमाणे झालेलं दुःख पश्चात्तापाकडे नेतं, जगाचं दुःख मरणाकडे. ऐकल्यानंतर तुम्हाला करायची एखादी गोष्ट दिसते, की फक्त आपण टाकाऊ आहोत एवढंच उरतं? दुसरं असेल, आणि दर वेळी तेच असेल, तर विश्वासातल्या माणसाला सांगा आणि तिथून बाजूला व्हा. अधिकारातल्या माणसालाही चूक दाखवता येते. अंत्युखिया शहरात पौलाने येशूच्या प्रमुख शिष्याला, पेत्राला, सर्वांसमोर तोंडावर सांगितलं होतं, गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ते आहे.

आपणहून विचारा, आणि परत जा

इंग्लंडमधले धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी २५ डिसेंबर १७३८ ला छोट्या गटांसाठी नियम लिहिले. गटात यायच्या आधी प्रत्येकाला जे प्रश्न विचारायचे, त्यांत हाही होता: तुझे दोष तुला सांगितले जावेत अशी तुझी इच्छा आहे का? आणि पुढे, सगळे दोष, अगदी स्पष्टपणे? हा प्रश्न दारातच विचारला जायचा, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपण मागितलेली टीका तेवढी बोचत नाही.

विचारताना "कसं झालं?" असं विचारू नका. त्याला "छान" हेच उत्तर येतं. मी दोन माणसं ठरवली आहेत आणि त्यांना दर वेळी एकच प्रश्न विचारते: "तुमचं लक्ष कुठे उडालं?" यावर खरं उत्तर मिळतं, कारण ते द्यायला कोणाला माझ्यावर टीका केल्यासारखं वाटत नाही.

आणि ज्याने चूक दाखवली त्याच्याकडे परत जा. हे बहुतेक जण करत नाहीत. चूक सुधारतात, पण सांगणाऱ्याला ते कधी कळवत नाहीत. तो बिचारा महिनोन् महिने समजत राहतो की आपण एक माणूस दुखावला. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (३:१५) पौलाचा उल्लेख "आपला प्रिय बंधू" असा येतो. अंत्युखियातल्या प्रसंगानंतर हे वाचलं की मी दर वेळी थांबते.

मला परत जायला तीन आठवडे लागले. उपासनेनंतर त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि तो रेघ मारलेला कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू बघितल्या. मग विचारलं, "हे काय मोजलंयस?" मी सांगितलं. त्यांना आपलं वाक्य आठवतच नव्हतं. "मी असं म्हणाले होते?" असं म्हणून त्या जरा ओशाळल्या. मी म्हटलं, "म्हणालात ते बरं केलंत. तेव्हा मी ऐकलं नाही, त्याची माफी मागायला आले."

त्यांनी कागद घडी करून मला परत दिला, आणि माझा हात हातात घेतला. "पुढचा संदेश कधी आहे तुझा?"

"दुसऱ्या रविवारी."

"आधी मला वाचून दाखव."

शनिवारी मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले.